गरम छिन्न्या

डोंगरातल्या त्या अरुंद खाणीत लुवसान उतरला, की त्याची बायको सेवेल वर रहाट सांभाळायची आणि बोथट छिन्न्यांना भट्टीवर धार लावायची. त्या दिवशी गोवऱ्या ओल्या निघाल्या. भट्टी काही पेटेना. तिने बोथट छिन्न्याच बादलीत घालून खाली सोडल्या.

"आज यांच्यावरच भागव, आणि कुरकुर करू नकोस!" ती ओरडली.

दुपारी बादली वर आली, तेव्हा सगळ्या छिन्न्यांना टोकं काढलेली होती. सेवेलने एक उचलली आणि चटका बसून टाकून दिली. टोक जरासं डावीकडे झुकलेलं होतं. असं फक्त तिच्याच हातून व्हायचं.

खाली तर विस्तव नव्हता.

"लुवसान, धार कुणी लावली रे?"

तो खालून हसला. "घ्या! स्वतःच भाता ओढतेयस आणि वर मलाच..."

हसू अर्ध्यात थांबलं.

"सेवेल," तो हळूच म्हणाला, "तू तर इथे माझ्याशेजारी बसलीयस. मग वर कोण आहे?"

"मीच आहे! दोरी कमरेला बांध! लवकर!"

दोरी जड झाली. तिने जिवाच्या आकांताने रहाट फिरवला. दोन फेरे होतात न होतात तोच दोरी हलकी झाली आणि नुसतं टोक वर आलं. ते तुटलेलं नव्हतं; गाठ त्याने स्वतःच सोडली होती.

ती काठावर पालथी पडून हाका मारत राहिली. खालून तिच्याच ठेक्यात हातोडा वाजत होता, आणि मधूनच लुवसानचा दबका आवाज येत होता.

"ओ देऊ नकोस. ती अजून गेली नाहीये."