चारशे सतरा नंबरची साखळी

पोलंडमधल्या बितोमच्या बंद कोळसा खाणीतला कपडे बदलायचा हॉल उद्या पाडणार होते, म्हणून किंगा आज आईला घेऊन आली होती. अकरा वर्षांपूर्वी खाली उतरलेले बाबा वर आलेच नव्हते, त्यांचा देहही सापडला नव्हता. निदान त्यांचा सदरा तरी पुरू, असा आईने धोशाच लावला होता. पण दाराशी येताच ती थबकली आणि बाहेर बाकावर बसून राहिली.

आत छतापासून शेकडो साखळ्या लोंबत होत्या. खाली उतरताना माणसं आपले स्वच्छ कपडे आकड्याला लावून वर चढवायची. परतल्यावर आंघोळ करून ते घालायची आणि कामाचे मळके कपडे वर चढवायची.

"उंच झालीस, पण नाक बापाचंच गं!" राखणदार गेरार्डकाका म्हणाले. "ही घे त्याची साखळी, चारशे सतरा. अकरा वर्षांत कुणी हात नाही लावला. माझीही छाती झाली नाही."

किंगाने साखळी सोडली. खडखडत कपडे खाली आले.

सदरा नव्हताच. कोळशाने काळेकुट्ट, घामाने ओले कामाचे कपडे होते. आणि चक्क ऊबदार!

"काका, हे वर असतील, तर बाबा..."

गेरार्डकाकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. "तर तो आंघोळ करून गेला, पोरी."

फरशीवरची ओली पावलं दाराकडे गेली होती.

बाहेर आई हसली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

"किती उशीर केलास रे!"

"आई, जाऊ नकोस!" किंगा जिवाच्या आकांताने दार ढकलू लागली. मघाशी सताड उघडं असलेलं दार आता हलेना.

"थांब ना जरा," बाहेर आई लाडात म्हणत होती, "आलेच मी."