खालचा दम

रक्त बोटांवरून ठिबकायला लागलं तेव्हा तिने खांद्यावरची ओढणी ओढली आणि नवऱ्याच्या कोपराखाली करकचून बांधली. इंजिनचा भाग घासता घासता ग्राइंडर सटकला होता आणि त्याचं फिरतं टोक थेट मनगटात घुसलं होतं. रुग्णवाहिकेच्या फोनवरचा माणूस म्हणाला, अर्धा तास तरी लागेल.

तिची शाळेची व्हॅन गॅरेजच्या दारात ठोकळ्यांवर उभी होती, क्लच बाहेर काढलेला. आज बसवतो, उद्या बसवतो करत तो तसाच पडला होता. राहिली ती त्याची गाडी.

"चावी द्या."

"तुला नाही जमायची ती. खालच्या वेगाला दमच नाही तिला."

"चावी द्या म्हणते ना."

त्या गाडीच्या इंजिनात पिस्टन नव्हते. एक तिकोनी रोटर पोटात गरगर फिरायचा. त्याला हवा मिळायची ती वाट नवऱ्याने घासून मोठी केली होती. तेवढ्यावर थांबला असता तर गाडी रस्त्यावर गुण्यागोविंदाने चालली असती. पण त्याने त्या वाटेशेजारी आणखी एक फट कापली, मध्ये धातूचा बारीकसा पूल ठेवून. आता इंजिनच्या फेऱ्यांचा काटा वर चढला की गाडी वाऱ्यालाही ऐकायची नाही, आणि काटा खाली आला की गुदमरायची. हे पुराण त्याने सुरू केलं की ती भांडी आवरायला उठायची.

पहिल्याच चौकात गाडीने आचके दिले. पुढे बस, मागे टेम्पो, रस्ता चढाचा. ती व्हॅनच्या सवयीने ॲक्सिलरेटरवरून हळूच पाय उचलायला गेली आणि इंजिन बंद पडलं. सेल्फ मारला, नुसतीच घरघर. मागून हॉर्नचा गिल्ला सुरू झाला.

"पेट्रोल जास्त झालंय," तो डोळे मिटून म्हणाला. "पाय तळापर्यंत दाब. मग मार."

तिने दाबला. मागे फाटकन आवाज झाला, रस्त्यावरची माणसं दचकून वळली आणि इंजिन धडधडू लागलं. तिने पाय उचललाच नाही. अर्ध्या क्लचवर गाडी खेचत तिने चौक ओलांडला आणि डावीकडे वळवली.

"अगं, इस्पितळ सरळ आहे. बाजारातून."

"बाजारातून ही मरेल. बाहेरच्या रस्त्याने नेते."

"दुप्पट पडतं ते."

ओढणीचा रंग आता ओळखू येत नव्हता.

बाहेरचा रस्ता मोकळा होता. तिने गिअर बदलला, काटा वर गेला आणि ते आचके, ती धडधड कुठल्या कुठे गेली. एक लांब, एकसुरी किंचाळी उरली. पाठ सीटला चिकटली. मुलं पडतील म्हणून आयुष्यभर खड्डा बघून ब्रेक मारणाऱ्या तिच्या पायाला आज ब्रेक आठवला नाही. भीती वाटत होती. आणि भीतीच्या आत कुठेतरी, तिला कबूल करायला नको असं, बरंही वाटत होतं.

शेजारी नवऱ्याची मान कलली.

"अहो. झोपू नका. बोला माझ्याशी."

"काय बोलू?"

तिला एकच गोष्ट सुचली. "तो पूल सांगा. कशाला ठेवलात?"

त्याने डोळे किलकिले केले. "ऐकणार आहेस?"

"ऐकते. बोला."

"रोटरच्या कोपऱ्याला सीलची पट्टी असते... ती त्या पुलावरून सरकते. पूल नसेल तर ती फटीत पडेल. सगळं संपलं."

"मग जाड ठेवायचा."

"जाड ठेवला तर..."

पुढचा ट्रक मोठा होत आला. ती उजवीकडून निघाली, परत आत आली. शेजारून आवाज नाही.

"जाड ठेवला तर काय?" तिने डाव्या हाताने त्याची मांडी जोरात दाबली. "अहो, मी विचारतेय. जाड ठेवला तर काय होतं?"

"...हवा कमी," तो पुटपुटला. "ताकद कमी."

"आणि बारीक केला तर?"

"तुटतो."

"तुम्ही केवढा ठेवलात?"

तो हसला की कण्हला, तिला कळलं नाही. "तुटता तुटता राहील एवढा."

इस्पितळाच्या फाटकातल्या गतिरोधकावर तिला वेग सोडावाच लागला. गाडीने दोन गचके दिले आणि तिथेच जीव टाकला. स्ट्रेचर धावत आलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी ओढणी बघितली, नाडी बघितली.

"वेळेत आणलंत. नस शिवावी लागेल. वाचतील."

स्ट्रेचर वळवताना नवऱ्याने मान तिच्याकडे केली. ओठ पांढरेफटक पडले होते.

"कशी पळाली?"

'सुरेख' हा शब्द तिच्या जिभेवर आला होता. तिने तो गिळला आणि त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. दार त्याच्यामागे मिटलं.

पहारेकरी मागून येऊन उभा राहिला. "बाई, फाटक अडलंय. दुसरी गाडी यायचीय." ती बाहेर गेली, गिअर काढला आणि दाराच्या चौकटीला खांदा लावला. पहारेकऱ्याने मागून जोर दिला. गाडी जड होती, इंचाइंचाने सरकत होती.

"काय बिघडलंय हिचं?" त्याने धापा टाकत विचारलं.

"काही बिघडलं नाही," ती म्हणाली. "हिला सावकाश चालता येत नाही."