धागे ठोकायचं हाड

पेरू देशातल्या आमच्या चिंचेरो गावात आईच मुलीला विणायला शिकवते. लहानपणी माझा एक धागा जरी चुकला, तरी आई धागे ठोकून बसवायचं अल्पाकाचं हाड उचलायची आणि माझ्या बोटांवर हाणायची. "तुझ्या चुका पाठीवर घेऊन लोकांनी गावभर फिरायचं का गं?"

या वर्षी लिमातल्या एका फॅशनेबल दुकानाने आमच्या सगळ्या शाली परत पाठवल्या. मालकीणबाई सेन्योरा रेनाटा फोनवर आईला गोड आवाजात म्हणाल्या, "बेनेदिक्ता, इतकं सफाईदार काम गिऱ्हाइकांना मशीनचं वाटतं गं. अधूनमधून एखादी चूक राहू दे ना. हाताने विणलंय, हे दिसायला हवं."

"म्हणजे हाताचं हवंय, पण हात शिकलेला नको!" आई कडाडली. पण पोत्यातले बटाटे तळाला गेले होते. मग तिनेच मागाचा पट्टा माझ्या कंबरेला बांधला आणि शेजारी येऊन बसली.

मी चुकायचं ठरवूनच विणायला घेतलं, पण बोटं काही ऐकेनात.



आईने हाड उचललं आणि माझ्या बोटांवर हाणलं. "परत बरोबर विणलंस?"