मुकी गाडी आणि धारची मंडळी

लाल दिवा लागत होता, कॅसेट फिरत होती, पण गाडीत आवाज म्हणून नव्हता.

"बघ बाबा काहीतरी," मानाजी म्हणाले. "पाच वाजता धारची मंडळी बसस्टँडवर उतरतील. मुलाच्या आईला गाण्याचं एवढं वेड, की मुक्या गाडीत ती पाय ठेवायची नाही."

रत्नाकरने पुढच्या सीटखालून डोकं बाहेर काढलं. अ‍ॅम्प्लिफायर तिथेच होता, गेल्या वर्षी त्यानेच बसवलेला. आता रत्नाकरच्या कपाळाला कुंकू लागलं होतं आणि कानावर झेंडूची पाकळी.

"अक्का, याची पूजा केलीत?"

"खंडेनवमी आहे आज," मानाजींच्या थोरल्या बहीण अक्का ओट्यावरून म्हणाल्या. "अवजारांची पूजा. तो काय अवजार नाही?"

"पूजा ठीक आहे. पण तीर्थ कशाला पाजलंत?"

"दोनच पळ्या."

"बरं, स्क्रू काढायला पेचकस द्या."

"मिळणार नाही. पेचकस, पक्कड, विळी, सगळे पाटावर बसलेत. आज त्यांना सुट्टी."

मग रत्नाकर चमचा आणि केसांचा आकडा घेऊन पुन्हा सीटखाली शिरला. आकडा बकुळाने दिला. चमचा आमटीचा होता.

या घरासाठी तो कुठेही शिरला असता. ब्याऐंशी साली साताऱ्याहून देवासच्या कारखान्यात नोकरीला आला, तेव्हा गावात त्याचं कुणी नव्हतं. मानाजींनी वरची खोली दिली. टायफॉइड झाला तर अक्कांनी महिनाभर पेज भरवली. मानाजींची मुलगी बकुळा त्याला आवडायची, तिलाही तो आवडायचा, पण मानाजींपुढे उभं राहिलं की रत्नाकरच्या तोंडून फक्त "हो काकासाहेब" निघायचं. ज्यांचं अन्न खाल्लं, त्यांच्याच मुलीला मागणी कशी घालायची?

आणि आता धारहून तिला बघायला मंडळी येत होती.

त्याने अ‍ॅम्प्लिफायर पंच्याने पुसला. फ्यूज काढला. फ्यूज धडधाकट होता, पण चापात अक्षतेचा दाणा अडकला होता. आकड्याने दाणा काढला. आवाज नाही. अर्थिंगची तार चमच्याच्या दांड्याने पिळली. आवाज नाही.

"मुलगा काय करतो, काकासाहेब?" त्याने सीटखालूनच विचारलं.

"तुकोजीराव? बँकेत आहे."

"वीजखात्यात रे," अक्का म्हणाल्या.

"आधी बँकेत होता."

"हो, मग वीजखात्यात. दोन्हीकडे फार मानतात त्याला."

बकुळा चहा घेऊन आली आणि गाडीच्या दारापाशी वाकली.

"होईल दुरुस्त?"

"होईल."

"मग करता कशाला?"

"काकासाहेबांचा शब्द आहे."

"आणि तुमच्याकडे एकही शब्द नाही का? वा भिया! गाडीला अ‍ॅम्प्लिफायर बसवला, स्वतःला बसवायचा राहिला." कप त्याच्या हातात कोंबून ती आत गेली.

त्याला भिया, म्हणजे भाऊ, म्हणण्याची तिची ही पहिलीच वेळ. चहा कडू लागला.

त्याने टॉर्चचा सेल काढून मागच्या स्पीकरला टेकवला. फट्! स्पीकर जिवंत होता. दुसराही. म्हणजे मधली तार. त्याने मागची सीट काढली, मॅट उचलली आणि बघतच राहिला. दोन्ही तारा एका रेषेत कापल्या होत्या.

"उंदीर," अक्का म्हणाल्या. बघायला त्या उठल्याही नव्हत्या.

"इतकं सरळ?"

"देवासचा उंदीर आहे."

रत्नाकरने तारांची टोकं दातांनी सोलली. आता नुसती पिळायची. मग गाणं, मग स्टँड, मग धारची मंडळी खूश, आणि दिवाळीनंतर बकुळा धारला. त्याने दोन टोकं जवळ आणली. पुन्हा लांब नेली.

"काय रे, थांबलास का?" मानाजी दारात वाकून उभे होते. "काय असेल ते बोल."

"काकासाहेब..."

"हां, बोल."

"ही तार मी जोडणार नाही."

"का?"

"बकुळा मला द्या." पुढचं मग आपोआप आलं, एका दमात. "तुमचे उपकार फिटायचे नाहीत. खोली सोड म्हणालात तर आत्ता सोडतो. अक्कांची पेज जन्मभर विसरणार नाही. पण तिला धारला पाठवू नका. मी सुखात ठेवीन."

एवढा आवाज त्याचा कुणी ऐकला नव्हता. शेजारचं कुत्रं उठून बसलं. आत कपबशी फुटली.

 मानाजींनी उपरण्याने डोळे पुसले.

"घे," ते म्हणाले. "दिली."

रत्नाकर गाडीतून उतरला तो थेट त्यांच्या पायांवरच. मग अक्कांच्या. अक्कांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि कानावरची झेंडूची पाकळी काढली. दारात बकुळा उभी होती, फुटलेल्या बशीचा तुकडा हातात धरून हसत.

तेवढ्यात रत्नाकरचा चेहरा उतरला.

"पण काकासाहेब, ती मंडळी तर बसमध्ये असतील. माझ्यापायी तुमचा शब्द खाली पडायला नको. मी जातो स्टँडवर. त्या बाईंचे पाय धरतो, हवं तर दोन शिव्या खातो." त्याने भिंतीला टेकवलेली सायकल ओढलीसुद्धा. "फक्त सांगा, त्यांना ओळखायचं कसं? दिसतात कशा?"

मानाजींनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी कपाळावर हात मारला.

"अगं बाई! माना, तुकोजीरावाची आई दिसते कशी, हे ठरवायचं राहूनच गेलं की रे."