पैलवानाचं लिव्हर

"आक्का, ते लिव्हरचा तुकडा कापून घेतात म्हणे!" बापू ओट्यावरून उठेचना. समोरच्या शाळेत एका ट्रस्टची माणसं संशोधनासाठी लिव्हरची फुकट तपासणी करत होती. आमचा थोरला भाऊ लिव्हरच्याच दुखण्यानं गेला. हा धाकटा तरी मला हवा होता.

मी थाप ठोकली, "माझी झाली तपासणी. डॉक्टरीण म्हणाली, आजी, असं लिव्हर पैलवानाचंसुद्धा नसतं! तुझं कसलं असणार?"

बापू चिडून शाळेत गेला, मागोमाग मी, नि सदरा वर करून तो खाटेवर आडवा झाला. यंत्रानं बरगडीवर टकटक केलं. डॉक्टरीण म्हणाली, "कडक व्हायला लागलंय, पण वेळेत कळलं. औषधानं सुधारेल."

"आणि आमच्या आक्काचं खरंच पैलवानाचं?"

"त्यांनी अजून तपासून घेतलंच नाही."

मी दाराकडे सरकले. बापूनं हात धरून मला खाटेवर निजवलं. "घाबरतेस होय गं?"

"छे, गुदगुल्या होतात मला," म्हटलं खरं, पण त्याचा हात काही सोडला नाही.