सुगंधाकाकूंचा नारळ

सुगंधाकाकूंनी रवळनाथासमोर नारळ ठेवला, त्याच्याजवळ विडा ठेवला आणि पदर सावरून खांबाशी उभ्या राहिल्या. मुंबईच्या हॉस्पिटलात आज त्यांच्या प्रीतमच्या मेंदूचं ऑपरेशन होतं. सून तिथे होती. इथे काकूंच्या हातात एवढंच होतं, की गावाच्या वतीनं देवाशी बोलणाऱ्या परशुरामभाईंनी प्रीतमसाठी गाऱ्हाणं घालावं आणि जमलेल्यांनी 'होय म्हाराजा' म्हणावं.

आज जमलेले जरा जास्तच होते. भाईंची लेक किशोरी आठवडाभर गावच्या हायस्कुलात कविता बोलून दाखवण्याचं शिबिर घेत होती. शेवटच्या दिवशी ती मुलांना अस्सल गाऱ्हाणं ऐकवायला देवळात घेऊन आली होती. किशोरीनं चांगलं नाव काढलं होतं. पुण्या-मुंबईपासून पार दिल्लीपर्यंत स्टेजवर उभी राहून ती कविता बोलायची, आणि त्यातलं 'गाऱ्हाणं' सर्वांत गाजलेलं. ते तिनं भाईंच्याच तोंडून उचललेलं. पण भाईंचं गाऱ्हाणं म्हणजे लांबण. कोणाचा झील, कोणाचा नातू, कुठल्या वाडीतला, दुखणं काय, घरात आणखी कोण कोण, सगळं देवाच्या कानावर घालायचे. किशोरीनं ते घासूनपुसून पाच मिनिटांत बसवलं. आधी नावं गाळली, मग मधले 'होय म्हाराजा' गाळले. ऐकणाऱ्याला त्या नावांशी काय देणंघेणं, असं ती शिबिरातही शिकवायची.

गाभाऱ्याकडे वळताना भाईंनी लेकीला हळूच विचारलं, "तुझ्यासारखा म्हणू काय गो आज?"

किशोरी हसली. तिला ती थट्टा वाटली.

एरवी भाई मान खाली घालून, हात जोडून, पुटपुटल्यासारखं सुरू करायचे. आज त्यांनी मान वर केली, डावा हात पुढे केला आणि थांबले. ते थांबणं किशोरीचं होतं.

"बा देवा म्हाराजा," भाई खणखणीत आवाजात म्हणाले, "ह्या गावाक तोंड दिलस, तसो ऐकणारो कान पण दी."

शब्दन् शब्द तिचा. मोबाईलवर बघून बघून पाठ केलेला. कुठे आवाज चढवायचा, कुठे पाडायचा, म्हातारा कशातही चुकला नाही. मुलं हसायच्या जागी हसली. काकूंचे ओठ दोनदा हलले, पण 'होय म्हाराजा' म्हणायला भाईंनी जागाच ठेवली नव्हती.

गाऱ्हाणं अर्ध्यावर तोडत नाहीत, हे किशोरीला लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणून ती गप्प राहिली, असं म्हणता येईल. खरं तर भाई फार छान बोलत होते आणि ते तिला आवडत होतं. त्याची तिला लाज वाटली.

गाऱ्हाणं संपलं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. गाऱ्हाण्याला टाळ्या भाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकल्या असतील. त्यांचा चेहरा उजळला. त्याच भरात त्यांनी नारळ उचलला, पायरीवर वाढवला आणि लेकीकडे पाहिलं.

काकू खांबापासून पुढे आल्या. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. फुटलेल्या नारळाकडे बघत म्हणाल्या, "भाई, माझ्या प्रीतमचा नाव घेवचा रवला."

भाईंच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. त्यांनी नारळाची दोन्ही भकलं उचलली, देवासमोर एकमेकांना जुळवून ठेवली. मग मान खाली घातली, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा..."

पुढचं येईना. इतकी वर्षं तोंडात बसलेलं जुनं गाऱ्हाणं त्यांना सापडत नव्हतं. ओठांवर येत होतं ते किशोरीचंच, आणि भाई ते गिळत होते. किशोरीनं मनात जुने शब्द शोधले. तिलाही आठवले नाहीत.

मुलांना ते थांबणं ओळखीचं वाटलं. एकीनं चित्रण करायला मोबाईल वर धरला.

तेव्हा सुगंधाकाकूंनी डोळे मिटले, हात जोडले आणि एकटीनंच म्हटलं, "होय म्हाराजा."