अस्वलाचं पान

खोलीचं दार आतून अडवलेलं होतं. आई बाहेरून ढकलत होती आणि आत बाळ टाहो फोडत होतं.

"टिटवी, दार उघड!"

फरशीवरून काहीतरी सरकल्याचा आवाज तेवढा आला. दूध उतू गेलं म्हणून ती स्वयंपाकघरात धावली होती, आणि तेवढ्यात पोरीनं डाव साधला होता.

टिटवी तिची मोठी मुलगी, साडेचार वर्षांची. तोंड कधी मिटायचंच नाही, म्हणून आजोबांनी गमतीनं ठेवलेलं नाव. पण बाळ घरी आलं आणि तिची वाचाच बसली. आता ती नुसती बघत राहायची. पाळण्याशी खांबासारखी उभी असायची, हाक मारली तरी जागची हलायची नाही. मग एकदा बाळाच्या कपाळावर निळा डाग दिसला. पुढे एका दुपारी ती दोन्ही हातांत उशी घेऊन पाळण्यावर वाकलेली सापडली आणि आई अशी किंचाळली, की दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी जिन्यात थांबवून विचारलं. झुरळ होतं, असं सांगून तिनं वेळ मारून नेली. पोटच्या पोरीबद्दल असलं काही कुणाला सांगणार, आणि कोणत्या तोंडानं?

नवऱ्याला सांगून पाहिलं. तो कारखान्यातून इतका दमून यायचा, की जेवता जेवताच पेंगायचा. "हेवा वाटत असेल गं," तो म्हणाला. "लहान आहे. निवळेल."

शेवटी तिनं बालवाडीच्या बाईंना आडून आडून विचारलं. बाईंनी कपाटातून चित्रांचं एक पुस्तक काढून दिलं. एका पानावर हसणारं अस्वल, एकावर रडणारं, एकावर रागावलेलं, एकावर घाबरलेलं.

"तिला काही शिकवायला जाऊ नका," बाई म्हणाल्या. "चित्र दाखवा, हे कोण म्हणून विचारा, आणि गप्प बसा. या वयात शब्द सापडत नाहीत, पण चित्रावर बोट ठेवता येतं."

आईला गप्प बसणं काही जमलं नाही. हसणारं अस्वल तिनं कधी दाखवलंच नाही. रोज ती थेट रागावलेल्या अस्वलाचं पान उघडायची. लाल डोळे, वर उचललेले पंजे. "हे कोण? बाळाचा राग कुणाला येतो? सांग, मी मारणार नाही." टिटवी त्या चित्रावर दोन्ही तळवे ठेवायची आणि ते झाकून टाकायची. आणखी कसली कबुली हवी, असं आईला वाटायचं.

तिनं दाराला खांदा लावला. आतली खुर्ची करकरत मागे सरकली.

बाळ पाळण्यातच होतं. रडून रडून लालबुंद झालेलं, पण धड. पाळण्यापुढे टिटवी उभी होती, उशी छातीशी धरून. आईनं तिचा दंड पकडला, कोपऱ्यात पडलेलं पुस्तक उचललं आणि ते पान तिच्या नाकासमोर धरलं.

"हे कोण? आज सांगितल्याशिवाय सुटका नाही. तूच ना?"

टिटवीनं मान हलवली. उशी काखेत दाबून तिनं बोटानं पान उलटलं. पुढच्या पानावर टेबलाखाली अंग चोरून बसलेलं छोटं अस्वल होतं.

"ही मी," ती म्हणाली.

"मग ते आधीचं?"

पोरीनं आपल्या दंडाकडे पाहिलं. आईची बोटं त्यात रुतली होती.

"तू. बाळ झोपत नाही ना, तेव्हा तू अशी होतेस. पाळणा जोरात जोरात हलवतेस. मी थांब म्हणते, पण तुला ऐकूच येत नाही. बाळाचं डोकं लाकडावर आपटलं. म्हणून मी उशी लावते."

काहीतरी काय बोलतेस, असं म्हणायला आईनं तोंड उघडलं. पण तेवढ्यात काहीबाही आठवायला लागलं. किटलेले कान. डोळ्यांवर आलेली झापड. कुरकुरणारी पाळण्याची कडी. मग ठक्क असा एक आवाज. त्यानंतर बाळ क्षणभर गप्प झालं होतं, आणि ती शांतता तिला किती बरी वाटली होती, तेही आठवलं.

तिनं दंड सोडला. "आणि दार का अडवलंस?" तिनं विचारलं.

"तू स्वयंपाकघरात भांडी आपटत होतीस."

बाळ अजून रडत होतं. आईनं त्याला घ्यायला हात पुढे केले आणि तसेच मागे घेतले. ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीशी बसली. टिटवीनं पाळण्याच्या कडेला उशी नीट खोचली, मग एक हात आत घालून बाळाचं पोट थोपटू लागली. हळूहळू रडणं हुंदक्यांवर आलं.

कामाच्या वेळी कारखान्यात फोन करायचा नाही, असं नवऱ्यानं बजावून ठेवलं होतं. तिनं केला. मागे यंत्रांची घरघर होती.

"काय झालं?" तो ओरडून विचारत होता. "टिटवीनं काही केलं का?"

"नाही," ती म्हणाली. "तू आत्ताच्या आत्ता घरी ये. मुलं माझ्याजवळ एकटी आहेत."